वार्धक्याचे प्रयोजन
(महोत्सवानिमित्त खारी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून गतकाळाचे गुणवर्णन करावे, ज्यांनी पाया घातला त्यांची नावे आदराने उच्चारावी, असा प्रघात आहे. ते काम आमच्याहून अधिकारी अशा वक्त्यांकडे असून ते ते उत्तम रीतीने पार पाडतील. आम्ही मात्र जे अद्याप आपल्यामध्ये आहेत, ह्याच मंडपात पहिल्या दोन रांगांत काठी टेकून बसलेले आहेत, त्यांच्याविषयी चार शब्द बोलणार आहो. विषय वार्धक्याचा आहे. आणि तो मांडण्यासाठी आपणांस थोडा वेळ जपान देशात घेऊन जाण्याचा आमचा मानस आहे.

खारीत बसून जपानची वार्ता कशाला, असे कोणी म्हणेल. ह्यास एक कारण असे की, वार्धक्याचा प्रश्न जपानइतका ठळकपणे आज दुसऱ्या कोणत्याही मोठ्या राष्ट्रापुढे उभा नाही. तेथील लोकसंख्येत पासष्ट वर्षे व त्यांवरील माणसांचे प्रमाण २०२४ साली २९ टक्क्यांच्या वर गेले. म्हणजे दहा माणसे एकत्र जमली तर त्यांत जवळजवळ तीन वृद्ध. स्त्रियांचे सरासरी आयुर्मान ८७ वर्षांचे, पुरुषांचे ८१ वर्षांचे. जो डोंगर आपणांस अजून चढावयाचा आहे तो चढून हे लोक वर जाऊन बसले आहेत. वर वारा कसा आहे, पाणी आहे की नाही, हे त्यांस विचारून घेण्यात शहाणपण आहे.

दुसरे कारण घरचे आहे. आपल्या खाडीपलीकडे वसई. त्या वसईत सुमारे १५५६ साली जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया लहान वयातच जपानात गेले, तेथील भाषा शिकले, काही काळ त्यांनी व्यापार केला, मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाले, आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानात जाऊन ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रूसावर प्राण देते झाले. १८६२ साली पोप नववे पायस ह्यांनी त्यांस व त्यांच्या सोबत्यांस संतपदी चढविले. ही कथा आपल्यातील लहान मूलही जाणते. परंतु त्या सव्वीस हुतात्म्यांत सर्वांत वृद्ध कोण होते, हे आपण क्वचितच विचारतो. त्यांचे नाव दिएगो किसाई, वय ६४. ओसाका येथील येशूसंघीयांच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांची व्यवस्था पाहणे हे त्यांचे काम होते. सर्वांत लहान लुईस इबाराकी अवघा बारा वर्षांचा. बारा आणि चौसष्ट एकाच रांगेत उभे राहिले. त्या काळी चौसष्ट म्हणजे पुरते म्हातारपण; तरी घराचे दार त्या म्हाताऱ्यावर सोपविलेले होते. ‘सोपविलेले’ हा शब्द श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. आमचे पुढचे सारे म्हणणे ह्या एका शब्दाभोवती आहे.

जपानात एक जुनी कथा सांगतात. एका राजाने हुकूम काढिला की, सत्तरी गाठलेली माणसे कामाची राहत नाहीत, सबब त्यांस डोंगरावर नेऊन सोडावे. एका मुलाने नाइलाजाने आपल्या आईस पाठुंगळी घेतले व तो डोंगर चढू लागला. वाटेत म्हातारी हात लांबवून झाडांच्या डहाळ्या मोडी व खाली टाकी. मुलास वाटले, परत येण्याची वाट ती राखून ठेवीत आहे. त्याने विचारिले, तेव्हा ती म्हणाली, “माझ्यासाठी नव्हे, बाळा, काळोख पडेल, उतरताना तू वाट चुकू नयेस म्हणून.” मुलाचा पाय पुढे उचलेना. त्याने आईस रात्री परत आणिले व घरात लपवून ठेविले. पुढे शेजारच्या बलाढ्य राजाने धमकी दिली की, राखेची दोरी वळून पाठवा, नाहीपेक्षा तुमचे राज्य घेतो. दरबार हतबुद्ध झाला. लपविलेल्या म्हातारीने मुलाच्या कानात सांगितले की, दोरी घट्ट वळून मिठाच्या पाण्यात भिजवावी, वाळवावी, मग ताटात ठेवून पेटवावी. दोरी जळेल, पण राखेचा पीळ सुटणार नाही. राज्य वाचले, गुपित फुटले, आणि राजाने तो हुकूम मागे घेतला.

अशी रूढी जपानात खरोखर होती असे इतिहासात आढळत नाही. किंबहुना ह्या कथेचे मूळ आपल्याच देशातील बौद्ध वाङ्मयात असून ती चीनमार्गे तिकडे गेली, असे जाणते लोक सांगतात. नागानो प्रांतात त्या नावाचा डोंगर मात्र आजही दाखवितात. लोकांस बहुधा कथेचा पूर्वार्ध आवडतो, कारण डहाळ्या मोडणारी आई डोळ्यांत पाणी आणते. आम्हांस उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. पूर्वार्धात आईची कीव येते. उत्तरार्धात तिची गरज भासते. आणि त्या कोड्याचा उलगडा मिठाच्या पाण्यात होता, हे ऐकून ज्यांच्या वाडवडिलांनी भाईंदरच्या मिठागरांत पाठ वाकविली त्यांस थोडी मौज वाटल्यावाचून राहणार नाही.

आता जपान आपल्या वृद्धांस मान कसा देतो तेही पाहू. साठावे वर्ष पुरे झाले की मनुष्याचे कालचक्र एक फेरा पुरा करून जन्मवर्षावर परत आले असे मानतात, आणि त्यास बाळासारखी तांबडी बंडी घालतात. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षाच्या सोहळ्यास तांदळाचे नाव आहे, कारण तांदूळ ह्या अर्थाचे चिनी अक्षर फोडले असता त्यात ८८ हा आकडा दिसतो. नव्व्याण्णवाव्या वर्षास ‘शुभ्र’ म्हणतात. शंभर ह्या अक्षरातील वरची एक रेघ काढिली की ‘पांढरे’ हे अक्षर उरते. १९६६ पासून वृद्धांच्या सन्मानार्थ राष्ट्रीय सुटी आहे. ती आधी १५ सप्टेंबरला असे, २००३ पासून सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी असते. शिवाय शंभरी गाठणाऱ्या प्रत्येकास पंतप्रधानांकडून चांदीचा पेला मिळू लागला. हा रिवाज १९६३ साली सुरू झाला तेव्हा सबंध देशात शतायुषी माणसे १५३ होती. २०२४ च्या सप्टेंबरात ती ९५,११९ झाली, आणि त्यांत शंभरास अठ्ठ्याऐंशी स्त्रिया. इतके पेले चांदीचे कोठून द्यावे? २०१६ पासून नुसता चांदीचा मुलामा दिलेले पेले देतात. ह्यात सरकारची चेष्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु मान वाटता वाटता पातळ होतो, एवढे खरे.

इतके मानपान असलेल्या त्या देशात २०१० च्या जुलैत एक प्रकार उघडकीस आला, तो ऐकून आपणांस थरकाप सुटेल. टोकियोच्या आदाची विभागात १११ वर्षांचे एक गृहस्थ राहतात, ते त्या नगरातील सर्वांत वयस्क पुरुष, अशी सरकारी नोंद होती. वृद्धसन्मानाचा दिवस जवळ येत होता, म्हणून अधिकारी अभिनंदनास जाऊ लागले. घरचे लोक सांगत, ते कोणासही भेटू इच्छीत नाहीत. अखेरीस दार उघडविले, तेव्हा बिछान्यावर सुमारे तीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा सांगाडा आढळला. त्यानंतर देशभर कुटुंबांच्या नोंदवह्या तपासल्या, तो ज्यांचा काहीएक ठावठिकाणा नाही अशी शंभरी ओलांडलेली सुमारे दोन लक्ष चौतीस हजार नावे कागदावर जिवंत असल्याचे आढळले. पुष्कळ अंशी ही जुन्या वह्यांतील ढिलाई होती, हे मान्य. पण त्या एका घराचे काय? मानपत्र तयार होते, आणि तीस वर्षांत एकाही शेजाऱ्याने आत डोकावून पाहिले नव्हते.

ह्याहून साधी व म्हणूनच अधिक दुःखद गोष्ट ही की, एकटे राहणारे व घरातच एकटे मरण पावलेले असे जे लोक जपानी पोलिसांनी २०२४ साली मोजिले त्यांची संख्या ७६ हजारांवर गेली, आणि त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक पासष्टीपुढचे होते. ह्या मरणास त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे. ज्या गोष्टीसाठी भाषेस शब्द घडवावा लागतो ती गोष्ट विरळ राहिलेली नसते.

जपानने काही केले नाही असे मात्र कोणी समजू नये. २००० सालापासून तेथे शुश्रूषेचा विमा आहे. चाळिसाव्या वर्षापासून प्रत्येकजण त्यात वर्गणी भरतो व म्हातारपणी अंथरूण धरिले तर सेवेकरी घरी येतो. आपल्याकडे २००७ चा आईबापांच्या निर्वाहाचा कायदा आहे. त्यान्वये वृद्धास मुलांकडून पोटगी मागता येते. दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. परंतु विमा अंग पुसून देईल आणि कायदा भाकरी देववील. सकाळी उठून मनुष्याने आपण कशासाठी उठलो हे स्वतःस सांगावे, ही तजवीज कोणत्याही सरकारच्या हातची नाही.

ह्या ‘कशासाठी’ला जपानी लोक ‘इकिगाई’ म्हणतात. हल्ली ह्या शब्दाचा जगभर बाजार झाला आहे. दीर्घायुष्याची गुटिका म्हणून तो विकतात. ज्या बाईंनी त्याचा खोल विचार केला त्या मिएको कामिया नावाच्या मानसरोगवैद्य होत्या, आणि त्यांचा विचार पुष्पवाटिकेत नव्हे तर नागाशिमा बेटावरील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात झाला. १९६६ साली त्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांस असे दिसून आले की, ज्यांचे शरीर फारसे बिघडलेले नाही अशीही कित्येक माणसे “दिवस रिकामा आहे” म्हणून कण्हतात. आणि ज्यांची दृष्टी गेली, बोटे गेली, त्यांतील काही माणसे समाधानाने जगतात, कारण कोणीतरी त्यांची वाट पाहत असते, अथवा कसलेतरी काम त्यांच्या वाट्यास आलेले असते. सुख आणि प्रयोजन ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे त्या बेटाने शिकविले. आपणां ख्रिस्ती लोकांस हे अपरिचित नसावे. क्रूसाकडे पाहून प्रार्थना करणाऱ्यांस सुखाचीच हमी मागण्याचे कारण नाही.

आता ज्या मानाबरोबर काही सोपविलेले असते तो मान कसा असतो, ह्याचे उदाहरणही त्याच देशातले देतो. १९५० च्या एका कायद्याच्या आधारे जपानी सरकार जुन्या कलांतील निष्णात कारागिरांस राष्ट्राचा ठेवा म्हणून मान्यता देते. त्यांस वर्षास वीस लाख येन मिळतात; पण ते नुसत्या वाहवेचे नव्हेत, कला पुढच्या पिढीस शिकविण्यासाठी आहेत. ओकिनावातील ओगिमी गावच्या किजोका वाडीत तोशिको ताइरा नावाच्या बाई होत्या. केळीच्या जातीच्या एका झाडाच्या सोपटातून वाख काढून त्याचे हलके, वाऱ्यासारखे कापड विणण्याची तेथील जुनी विद्या युद्धात मरणपंथास लागली होती. ताइराबाईंनी ती गावच्या बायकांस हाताशी धरून पुन्हा उभी केली. २००० साली, म्हणजे ऐंशीच्या घरात असताना, त्यांस राष्ट्राचा ठेवा म्हणून मान्यता मिळाली, आणि २०२२ साली एकशे एकाव्या वर्षी त्या वारल्या. वाख सोलणे, तो नखाने चिरणे, धाग्यास धागा जोडणे ही कामे किजोकात वृद्ध स्त्रियाच करीत आल्या आहेत. तेथे म्हातारीस कोणी “बसा आजी, आराम करा” म्हणून बाजूस सारीत नाही. तिच्या हातचा धागा आला नाही तर माग थांबतो.

त्याच बेटांवर एक ‘मोआई’ म्हणून रीत आहे. काही स्नेही मिळून दरमहा थोडी रक्कम एकत्र करितात व पाळीपाळीने उचलतात. ही आपली भिशीच! पैशाची गरज संपली तरी म्हातारी मंडळी ती मोडीत नाहीत, कारण त्या निमित्ताने महिन्यातून एकदा गाठ पडते आणि कोणी आला नाही तर उरलेले त्याच्या दाराशी जाऊन हाका मारितात. वर आदाचीच्या घराची गोष्ट सांगितली. तेथे एवढी एक भिशी असती तर तीस वर्षे लागली नसती.

टोकियोत शिगेआकी हिनोहारा नावाचे एक नामांकित डॉक्टर होऊन गेले. ते आपल्या पंथाचे नव्हते. त्यांचे वडील मेथडिस्ट पाद्री. सेंट ल्यूक इस्पितळात त्यांनी आयुष्य घालविले. १९७० साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते बसलेले विमान दंगेखोरांनी पळविले. सुटका झाल्यावर त्यांनी असे धरिले की, येथून पुढचे आयुष्य आपणांस दुसऱ्यांसाठी परत दिलेले आहे. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला गेला, तेव्हा त्र्याऐंशी वर्षांच्या ह्या गृहस्थाने इस्पितळाचे दरवाजे सर्वांस उघडे केले, आणि सहाशेहून अधिक रोगी तेथे आले. २००० साली पंचाहत्तरीपुढच्यांसाठी त्यांनी ‘नव्या वृद्धां’चे मंडळ काढिले. शंभरीच्या आसपास असतानाही ते प्राथमिक शाळांत जात, दहा वर्षांच्या मुलांच्या हाती तपासणीची नळी देऊन एकमेकांचे हृदय ऐकावयास लावीत, आणि आयुष्य म्हणजे आपल्या हाती असलेला वेळ, हे त्यांस समजावीत. २०१७ साली १०५ व्या वर्षी ते गेले.

आतापर्यंत सांगितले ते लौकिक जीवनाचे. आता ज्या कथेसाठी आम्ही हा विषय निवडिला तिच्याकडे येतो, कारण ती आपल्या श्रद्धेची आहे.

१६१४ साली जपानात ख्रिस्ती धर्मावर सार्वत्रिक बंदी आली. धर्मगुरू हद्दपार झाले किंवा मारिले गेले. १६४४ च्या सुमारास शेवटचा धर्मगुरूही मृत्यू पावला. त्यापुढे सव्वादोनशे वर्षे त्या देशात ना मिस्सा, ना पापनिवेदन, ना पुस्तक, ना घंटा. धर्म नाहीसा झाला असे जगाने धरिले. नागासाकीभोवतालच्या कोळ्यांनी व शेतकऱ्यांनी मात्र तो लपवून ठेविला होता. कसा? गावोगाव त्यांनी जाणत्या माणसांवर कामे वाटून दिली होती. एकाने पंचांग राखावयाचे. कोणता दिवस उपवासाचा, सण कोणत्या दिवशी, हे त्याने मोजून सांगावयाचे. दुसऱ्याने नवजात बाळास पाणी द्यावयाचे, म्हणजे बाप्तिस्मा. तिसऱ्याने घरोघर निरोप पोहोचवावयाचा. प्रार्थना लेखी ठेवणे म्हणजे मरणास बोलावणे. म्हणून त्या म्हाताऱ्यांच्या तोंडी होत्या, आणि अर्थ न कळणाऱ्या लॅटिन व पोर्तुगीज शब्दांसह आज्यांनी नातवंडांकडून त्या घोकून घेतल्या. प्रार्थनेस ते लोक ‘ओराशो’ म्हणत. आपल्या घरांतून जे पोर्तुगीज शब्द मराठीत मुरून राहिले आहेत त्यांची आठवण येथे साहजिकच होते.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतील ओउरा येथील नव्या देवळात फादर पेतिजाँ ह्या फ्रेंच धर्मगुरूंपाशी उराकामी गावची दहा-पंधरा माणसे भीत भीत आली. त्यांतील एका प्रौढ स्त्रीने हळूच सांगितले की, आमची अंतःकरणे तुमच्यासारखीच आहेत. आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे असे विचारिले. मूर्ती पाहून त्यांस जो आनंद झाला त्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. आमचे लक्ष दुसऱ्याच एका वाक्याकडे जाते. ते लोक म्हणाले की, आम्ही सध्या दुःखाचा काळ पाळीत असून आज त्याचा सतरावा दिवस आहे. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला होता. बोटे मोजून पाहावी: १७ मार्च हा उपवासकाळाचा बरोबर सतरावा दिवस! सात पिढ्या, एकही धर्मगुरू नाही, छापलेले पंचांग नाही, आणि दिवस एकानेही चुकला नाही. हे कोणा वीराने केले नाही. गावातील कोणीतरी जाणता माणूस रोज संध्याकाळी दिवस मोजीत होता. मरण्यापूर्वी त्याने मोजणी दुसऱ्यावर सोपविली, दुसऱ्याने तिसऱ्यावर.

शुभवर्तमानकार संत लूक ह्यांनी मंदिरातील ज्या शिमोनाची व चौऱ्याऐंशी वर्षांच्या विधवा हन्नेची हकीकत दिली आहे, त्यांचेही काम हेच नव्हते काय? तरुण लोक आपापल्या उद्योगात होते. बाळास ओळखावयाचे काम ह्या दोन म्हाताऱ्यांकडे राहिले होते. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली आजी-आजोबांसाठी जुलैच्या चौथ्या रविवारी जागतिक दिन नेमून दिला, तो संत योआकिम व संत आन्ना ह्यांच्या सणाच्या जवळचा. तो आपण पाळतो हे चांगले. परंतु त्या दिवशी फुले देऊन सोमवारी विसरलो, तर तो मुलाम्याचा पेला झाला.

आपल्याही प्रांतावर असा काळ येऊन गेला आहे. १७३९ साली वसई मराठ्यांनी जिंकिली, परदेशी धर्मगुरू निघून गेले, कित्येक देवळे ओस पडली. थोड्या देशी धर्मगुरूंनी व गावोगावच्या वडीलधाऱ्यांनी साष्टीवसईचा धर्म तगविला. त्या वडीलधाऱ्यांची नावे कोणत्याही दगडावर कोरलेली नाहीत.

उतारवयात नवे काम अंगावर घेणारी माणसे महाराष्ट्रातही झाली आहेत, आणि योगायोग असा की, त्यांतील दोघांचा धागा जपानशी जुळतो. ‘निरोप्या’ मासिक आपणांस ठाऊक आहे. ते १९०३ साली अहमदनगर जिल्ह्यातील केंदळ येथे सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग १९०७ साली पुण्याचे बिशप झाले. आणि १९२१ साली, साठी ओलांडल्यावर, रोमने त्यांस जपानात हिरोशिमा येथे पाठविले. मराठी शिकून मासिक काढणाऱ्या ह्या जर्मन गृहस्थाने त्या वयात पुन्हा एका नव्या भाषेची मुळाक्षरे गिरविली असतील! १९२७ साली ते पुण्यास परत आले व वार्धक्यातही आपली गादी सांभाळीत राहिले. दुसरे महर्षी धोंडो केशव कर्वे. टोकियोतील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती पडली, तीवरून स्फूर्ती घेऊन त्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. १९२९ साली एकाहत्तराव्या वर्षी ते जगप्रवासास निघाले व जपानही पाहून आले. हे तरी पुष्कळांस माहीत असते. १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यापाड्यांतील मुलांस अक्षरओळख व्हावी म्हणून त्यांनी ग्रामशिक्षण मंडळ काढिले. १९४४ साली, शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ काढिला. १९५८ साली शंभराव्या वर्षी त्यांस भारतरत्न मिळाले, १९६२ साली १०४ व्या वर्षी ते वारले. पदवी शेवटी आली, काम आधी होते.

येथे एक रास्त आक्षेप येईल. ज्याने चाळीस वर्षे मिठागरात, भातशेतात किंवा गिरणीत घाम गाळिला, पहाटेची लोकल पकडून मुंबई गाठिली, त्यास म्हातारपणी तरी विसावा द्यावयाचा की नाही? अवश्य द्यावा. नातवंडे सांभाळणे, दळण आणणे, विजेचे बिल भरणे ही कामे घरातील म्हाताऱ्यांवर लादून तिला ‘जबाबदारी’ म्हणणारे लोक आहेत. त्यांस आमचे हे व्याख्यान पाठिंबा देत नाही. हमाली निराळी आणि सोपवणूक निराळी. हमाली कोणीही करू शकतो. जे त्याच्यावाचून दुसऱ्यास येत नाही ते सोपवावे. आणि वृद्धांसही एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. किल्ली कमरेस बांधून बसणे म्हणजे सांभाळणे नव्हे. उराकामीच्या जाणत्याने मोजणी दुसऱ्यास शिकविली नसती तर ती त्याच्याबरोबर पुरली गेली असती.

आता खारीकडे पाहा. खारी, नवघर, गोडदेव ही गावे होती. आज ती इमारतींच्या गर्दीतील गावठणे आहेत. ज्या वावरात आगेऱ्याचे कणीस कापीत तेथे उद्वाहक चढतो व उतरतो. मुले दुबईस, कॅनडास गेली. घरे पक्की झाली, दारे लोखंडी झाली. चौथ्या मजल्यावरील म्हातारीस रविवारी देवळात आणावयास कोणी नसते, म्हणून ती दूरचित्रवाणीवर मिस्सा पाहते. जपानने जे भोगले ते आपल्या दाराशी आले आहे, आणि आपल्यापाशी शुश्रूषेचा विमाही नाही.

पण जे तिकडे लोपले ते इकडे अजून थोडे शिल्लक आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराच्या पाण्याची गाणी कोणास सबंध येतात? आमच्या अदमासाने अशा बायका हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्या, आणि सर्व सत्तरीच्या पुढच्या. वाडीतील क्रूस कोणी, कोणत्या साथीनंतर, कोणत्या नवसाने उभारिला, हे कोणास ठाऊक आहे? मिठागरात भरतीचे पाणी कोणत्या तिथीस घ्यावयाचे, मीठ केव्हा धरते, आगेऱ्याचे पहिले भात कोणत्या घरून येई, बाटली मसाल्यात कोणता जिन्नस किती भाजावयाचा, जुन्या प्रार्थनेची चाल कशी, हे सारे पहिल्या दोन रांगांत बसलेले आहे. ह्या रांगा दरवर्षी विरळ होत आहेत.

म्हणून ह्या महोत्सवी वर्षी शाल व श्रीफळ ह्यांबरोबर पुढील व्यवस्था व्हावी, अशी आमची धर्मग्राममंडळास विनंती आहे. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात महिन्यातून एकदा एक आजी किंवा आजोबा बसावेत व त्यांनी आपणांस येणारी एक प्रार्थना, एक गाणे, एक क्रूसाची हकीकत मुलांकडून पाठ करवून घ्यावी. जे जिना उतरू शकत नाहीत त्यांच्याकडे मुलांनी जावे. आणि जे अंथरुणास खिळले आहेत, ज्यांचा आवाजही गेला आहे, त्यांस आपण सर्वांत मोठे काम द्यावे: धर्मग्रामातील आजारी, परदेशी गेलेले, परीक्षेस बसणारे, आणि ज्यांची भांडणे मिटत नाहीत अशी कुटुंबे, ह्यांच्या नावांची चिठ्ठी दर शनिवारी एका मुलाने त्यांच्या उशाशी नेऊन ठेवावी, मागची चिठ्ठी परत घ्यावी, आणि कोणाचे काय झाले ते त्यांस सांगावे. चिठ्ठी नेणारा आला नाही तर म्हाताऱ्याने रागवावे. आणि दार उघडले नाही तर मुलाने शेजाऱ्यास हाक मारावी.

ह्यासाठी मंडपाच्या दाराशी एक वही ठेविली आहे. ज्येष्ठांनी घरी जाण्यापूर्वी तीत आपले नाव व वाडी लिहून, समोर आपणांस काय येते ते लिहावे. ज्यांस डोळ्यांमुळे लिहिणे जमत नसेल त्यांनी शेजारच्या मुलाकडून लिहवून घ्यावे; पेन्सिल दोऱ्याने वहीस बांधलेली आहे.